दत्तक मुलाचे उद्रेक आणि आपलं डोकं: घरातल्या घरात माइंडफुलनेस कसा करायचा

हे मुख्यतः मोठं मूल दत्तक घेतलेल्या आईबाबांसाठी लिहितेय. मोठं म्हणजे चार-पाच वर्षांपुढचं, ज्याला आधीच्या संस्थेतली सांभाळणारी मावशी आठवते, शेजारच्या कॉटवरचा मित्र आठवतो आणि त्याच्याही आधीचं असं काहीतरी आठवतं जे त्याला सांगता येत नाही. आमचा मुलगा सहा वर्षांचा असताना घरी आला. आता सगळीच दत्तक मुलं अशी असतात का, तर अजिबात नाही, आमच्या ओळखीतली कितीतरी मुलं आली, रुळली, शाळेत मजेत आहेत. पण ज्यांच्या घरी रोज संध्याकाळी भांडी उडतात, दारं आपटतात, "तू माझी आई नाहीस" ऐकून घ्यावं लागतं आणि नंतर बाथरूममध्ये नळ सोडून रडावं लागतं, त्यांना कोणीतरी "जरा मेडिटेशन करा ना" असं सांगितलं की डोक्यात जातं. माझ्याही जायचं. म्हणून मेडिटेशन वगैरे बाजूला ठेवून जे खरंच घरात, कामं चालू असताना, मूल अंगावर येत असताना करता येतं तेवढंच सांगते.

एक गोष्ट पहिल्यांदाच स्पष्ट करते. माइंडफुलनेस म्हणजे आत्ता आपल्या अंगात, मनात काय चाललंय ते बदलायला न जाता लक्ष देऊन बघणं, हे मुलाला शांत करायचं तंत्र नाहीये. मुलगा ओरडत असताना तुम्ही दीर्घ श्वास घेतला की तो गप्प बसेल या आशेने श्वास घेतलात तर दुसऱ्याच दिवशी सोडून द्याल. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये या पद्धतीचा कोर्स सुरू केला तो मुख्यतः अशा पेशंटसाठी की ज्यांचं जुनाट दुखणं औषधांनी पुरेसं कमी होत नव्हतं. दुखणं आहे ते आहे, पण त्याच्यावर जो वैताग, जी भीती आपण चढवतो ती कमी करता येते, एवढाच दावा. आपल्यालाही तेवढंच पुरेसं आहे. मुलाचं वादळ त्याच्या वेळेने शमणार. आपल्या हातात आहे ते म्हणजे त्यात आपलं वादळ मिसळायचं की नाही.

आधी मूल असं का करतं ते डोक्यात बसू द्या

हे कळलं नसेल तर कितीही श्वास मोजा, राग जात नाही. ज्या मुलाची माणसं एकदा नाहीशी झालीत, आणि बऱ्याचदा दोनदा, म्हणजे आधी जन्माची आई आणि मग संस्थेतली मावशी, त्याच्या शरीराने एक गोष्ट शिकून ठेवलेली असते की आता सगळं ठीक दिसतंय पण हे कधीही जाऊ शकतं. त्यामुळे आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर त्याचं शरीर धोक्याच्या मोडमध्ये जातं. तुम्ही गावाला जायची बॅग काढली. लाइट गेली. शाळेत घ्यायला दहा मिनिटं उशीर झाला. घरी पाहुणे आले आणि जाताना "येतो हं" म्हणाले. त्याने संस्थेत किती जोडपी येताना आणि जाताना बघितली असतील विचार करा.

त्यात पहिले काही आठवडे, कधी दोन-तीन महिने मूल अगदी शहाण्यासारखं वागतं. सांगितलं ते खातं, न सांगता चप्पल जागेवर ठेवतं, नातेवाईक म्हणतात किती गुणी आहे गं, आणि मग जरा रुळल्यासारखं वाटतंय म्हणेपर्यंत एक दिवस सगळं फुटतं. बहुतेक आईबाबांना इथे वाटतं की आपलं काहीतरी बिघडलं. खरं तर बऱ्याचदा उलटं असतं, त्याला पहिल्यांदाच वाटायला लागलेलं असतं की हे घर टिकेल बहुतेक, आणि ते खरंच टिकतंय का हे तो ढकलून बघतो. कोणाला ढकलणार? जी सगळ्यात जवळची तिलाच. म्हणून शाळेतल्या बाई म्हणतात "अहो वर्गात तर किती शांत असतो" आणि घरी आईच्या हाताला चाव्याचे व्रण.

आणखी एक, मेंदूचा कपाळामागचा भाग, जो थांब, विचार कर, मग बोल असं सांगतो, तो माणसाचा पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. सहा-सात वर्षांच्या घाबरलेल्या मुलाकडून तुम्ही समजूतदारपणाची अपेक्षा केलीत तर ती कुठून पुरी होणार. घरात ज्याचा तो भाग तयार आहे असं माणूस आपणच. दुर्दैवाने म्हणा.

स्वतःच्या अंगातली खूण ओळखा

दूध उतू जायच्या आधी कडेने बुडबुडे येतात, तेवढ्यात गॅस बारीक केला तर वाचतं, फेस वर आला की मग फुंकर मारून काही होत नाही. आपल्या रागाचंही तसंच आहे, पण त्याचे बुडबुडे कुठे येतात हे बहुतेकांना माहीतच नसतं. माझे जबड्यात येतात. दात दातांवर घट्ट बसतात आणि मान आखडते. नवऱ्याचे कान लाल होतात आणि तो अचानक फार हळू, फार सभ्य बोलायला लागतो, त्याच्या तोंडून "बघ बाळा" निघालं की मला कळतं आता पाच मिनिटांत स्फोट. तुमचं कुठे आहे ते शोधा. पोटात गोळा, तळहाताला घाम, खांदे वर चढणं, काहीही असेल.

शोधायची वेळ भांडणाची नाही, साध्या वेळेची. सकाळी कणीक मळताना, स्कूटरवर सिग्नलला थांबलेलं असताना, स्कूल बसची वाट बघताना, एकदा डोक्यापासून पायापर्यंत नजर फिरवायची मनातल्या मनात: कपाळ कसंय, जबडा कसाय, खांदे कुठेत, पोट आवळलंय का. बदलायचं काही नाही, फक्त बघायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि वेगळा वेळ काढायला लागत नाही, चटई लागत नाही, अगरबत्ती लागत नाही. दिवसातून चार-पाच वेळा सहज होतं. हेच मुख्य आहे सगळ्यात, बाकीचं याच्यावर उभं आहे, त्यामुळे हे कंटाळवाणं वाटलं तरी सोडू नका.

मग दुसरी पायरी श्वासाची. लांब श्वास "घ्या" असं सगळे सांगतात पण खरं काम श्वास सोडण्यात आहे. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, हे व्हेगस नावाच्या नर्व्हमुळे होतं. म्हणून नाकाने चार मोजेपर्यंत आत आणि सहा मोजेपर्यंत बाहेर, रोखून धरायचं नाही, जोर लावायचा नाही. पाच-सहा वेळा झालं की पुरे. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त घाबरल्यासारखं होतं, छातीत दडपतं, विशेषतः ज्यांचं स्वतःचं बालपण सोपं गेलेलं नाही त्यांना. त्यांनी श्वासाच्या मागे लागू नये. त्याऐवजी पायांचे तळवे: अनवाणी पाय फरशीवर, थंड लागतेय का, कुठे टेकलेत, टाच की चवडा. किंवा बेसिनचा नळ सोडून मनगटावर गार पाणी. याचाही तेवढाच उपयोग होतो.

ऐन वादळात काय करायचं

इथे मी क्रमाने सांगते पण प्रत्यक्षात क्रमाने होत नाही काही, दोन गोष्टी जमल्या तरी तो दिवस चांगला म्हणायचा.

आधी धोका बघायचा. कात्री, काचेचा ग्लास, गॅलरीचं दार, गॅसवरची कढई. ते बाजूला केलं की बाकी काही तुटलं तरी चालतं. मग तुमचे पाय. खरंच, पाय फरशीवर आहेत हे जाणवू द्या, एक लांब श्वास सोडा आणि खाली बसा. उभ्या मोठ्या माणसाची मुलाला भीती वाटते, आपल्याला कितीही वाटलं की आपण प्रेमानेच उभे आहोत. बसताना अगदी समोरासमोर नको, थोडं तिरकं, हाताच्या अंतरावर, डोळ्यात रोखून बघायचं नाही. दाराची वाट अडवून बसायचं नाही.

बोलायचं कमी. "शांत हो" हे दोन शब्द घरातून हद्दपार करा, आजवर कोणी ते ऐकून शांत झालेलं नाही. "का केलंस, सांग का केलंस" हेही नको, त्याला माहीत नसतं का केलं. मी साधारण तीनच वाक्यं वापरते आणि तीच तीच: "राग आलाय तुला. मी इथेच आहे. मारायचं नाही, उशीला मार." आवाज खालच्या पट्टीत. मिठी मारावीशी वाटते पण त्या वेळी काही मुलांना कोणी धरलं की अजून भीती वाटते, तेव्हा हात पुढे ठेवायचा, घेतला तर घेतला.

आणि या सगळ्या वेळात तुमच्या डोक्यात एक रनिंग कॉमेंट्री चालू असेल. हा मुद्दाम करतोय. शेजारी काय म्हणत असतील. सासूबाई म्हणत होत्या तेच खरं. आम्ही का पडलो यात. या विचारांशी भांडत बसू नका, ते खोटे आहेत असं स्वतःला पटवत बसायचीही ती वेळ नाही. फक्त मनात म्हणायचं, "हां, मुद्दामचा विचार आला. शेजाऱ्यांचा विचार आला." लेबल लावायचं आणि परत पायाच्या तळव्यांकडे यायचं. ऐकायला बावळट वाटतं पण विचाराला नाव दिलं की तो विचार आहे हे कळतं, नाहीतर आपण तो हुकूम समजून तोंड उघडतो.

वाटलं की आता हात उठेल किंवा तोंडातून नको ते जाईल, तर खोलीतून बाहेर पडा, पण सांगून. टाइम-आउट म्हणून मुलाला एकट्याला खोलीत पाठवायचा जो प्रकार आहे तो या मुलांवर वापरू नका, त्यांच्यासाठी तो पुन्हा टाकून दिल्यासारखा असतो. जायचं असेल तर आपण जायचं: "मी किचनमध्ये पाणी प्यायला जातेय, मोठा काटा सहावर आला की येते." आणि काटा सहावर आला की यायचं म्हणजे यायचंच, तुमचा राग गेला नसला तरी दारात उभं राहून "आले मी, अजून दोन मिनिटं देशील?" म्हणायचं. आपण गेलो आणि परत आलो, हे त्याला शंभर समजुतीच्या गोष्टींपेक्षा जास्त कळतं. अर्थात घरात दुसरं मोठं माणूस असेल तर आणि मूल स्वतःला इजा करत नसेल तरच.

दोघं असाल तर एक कोडवर्ड ठरवा. आमच्याकडे "इस्त्री" आहे. "इस्त्री बंद केलीस का?" म्हटलं की दुसऱ्याने काहीही न विचारता जागा घ्यायची आणि पहिल्याने मुकाट निघायचं. नंतर "मी हँडल करत होते की" अशी भांडणं करायची नाहीत, हा करार आधीच करा.

वादळ गेलं की लगेच भाषण नको. पाणी, काहीतरी खायला, पंख्याखाली पडणं. बोलायचं ते रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, तेही शेजारी शेजारी बसून काहीतरी करताना, शेंगा सोलताना वगैरे. आणि आवाज चढलाच असेल आपला, चढतोच कोणाचाही, तर जाऊन सरळ म्हणायचं की मी ओरडले ते बरोबर नव्हतं, तू घाबरला असशील, मी अजून शिकतेय. भांडण झालं तरी माणूस तुटत नाही हे या मुलांनी पाहिलेलंच नसतं फारसं.

एक उदाहरण जवळून

चादरी बदलत होते. उशीच्या अभ्र्यात हात गेला तर आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पोळी, कडक झालेली, कडा वर वळलेल्या, अर्धा पेढा त्याच्यावर चिकटलेला आणि मुंग्यांची रांग थेट गादीच्या शिवणीपर्यंत. तो दारात. एक हात मागे, नजर माझ्या हातातल्या कागदावर. माझ्या डोक्यात एका सेकंदात काय काय आलं: चोरून ठेवतो, आपण याला उपाशी ठेवतो का, पोटभर तर वाढते मी, आणि मुंग्या. जबडा आवळला हे कळलं. डावा हात पलंगाच्या लोखंडी कठड्यावर होता, तो गार लागला, तिथेच लक्ष ठेवलं आणि श्वास सोडला. मग म्हटलं, "मुंग्या झाल्यात रे. आपण याला डबा करू या का, झाकणाचा?"

एवढंच बोलले. स्टीलचा डबा काढला, झाकण त्याला एकट्याला उघडता येईल असं, आणि ओट्याखालच्या कप्प्यात त्याच्या हाताला येईल तिथे ठेवला. त्यात चुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, खारका, बिस्किटं. नियम एकच, त्यातलं कधीही घ्यायचं, रात्रीसुद्धा, विचारायचं नाही आणि कोणी मोजायचं नाही. सुरुवातीला डबा रोज रिकामा व्हायचा, मी काही न बोलता संध्याकाळी भरायचे. मग अर्धा उरायला लागला. मग आठवण करून द्यावी लागायला लागली. ज्या मुलांना कधी पोटभर मिळालंय कधी नाही, किंवा जेवण ठरलेल्या वेळीच आणि सगळ्यांबरोबरच मिळालंय, त्यांच्यात अन्न लपवणं फार कॉमन आहे. डब्याची आयडिया काही माझी नाही, समुपदेशक हेच सुचवतात. पण त्या एका सेकंदात मी कठड्याला हात लावून थांबले नसते तर डबा सुचला नसता, पाठीत धपाटा सुचला असता.

मुलाबरोबर करायचं असेल तर

डोळे मिटायला सांगू नका. आपल्याला वाटतं डोळे मिटले की शांत वाटतं, पण सतत सावध राहिलेल्या मुलाला डोळे मिटणं म्हणजे कोण येतंय ते न दिसणं. मांडी घालून गप्प बसवणं तर शिक्षाच वाटते त्याला. त्यापेक्षा खेळ. साबणाचे फुगे, मोठा फुगा हवा असेल तर हळूच फुंकावं लागतं, झाला लांब श्वास सोडून. पोटावर टेडी ठेवून त्याला वर-खाली झोके द्यायचे. गॅलरीत उभं राहून पाच आवाज शोधायचे: रिक्षा, कुकर, कबुतर, वरच्या मजल्यावरचं फर्निचर, आणि पाचवा सापडतच नाही तेव्हा खूप वेळ कान देऊन ऐकावं लागतं. कणकेचा गोळा द्या मळायला. झोका असेल तर उत्तमच. हे सगळं तो मजेत असताना, भरल्या पोटी. चिडलेला असताना "चल फुगे फुगव" म्हणालात तर बाटली तुमच्याच डोक्यात येईल.

लोकांचं काय करायचं

उद्रेकांपेक्षा मला लोकांचा त्रास जास्त झाला, खरं सांगते. लग्नकार्यात कोणीतरी मावशी हमखास मुलाच्या समोर विचारते, "खरे आईवडील कोण होते काही कळलं का?" कोणी म्हणतं "शेवटी रक्त ते रक्त." त्या क्षणी पायाचे तळवे, एक श्वास, आणि एक आधीच पाठ केलेलं वाक्य. आयत्या वेळी सुचत नाही म्हणून पाठ करा. माझं आहे, "ती त्याची गोष्ट आहे, मोठा झाल्यावर त्याला वाटलं तर तो सांगेल. जेवलात का तुम्ही?" आणि विषय ताटावर न्यायचा.

घरातल्या मोठ्यांशी मात्र नीट बसून बोला. आपल्याकडे आजी लोक प्रेमानेच म्हणतात "त्रास दिलास तर बोहारणीला देऊन टाकीन हं." आपण सगळे हे ऐकत वाढलो, काही झालं नाही आपल्याला, पण ज्याला खरंच कोणाकडून कोणाकडे दिलं गेलंय त्याने हे ऐकलं की तो आठवडाभर झोपत नाही. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, तुम्ही गमतीत म्हणता मला माहितीये, पण याला हे गमतीतही नका म्हणू, याच्याबाबतीत ते एकदा घडलंय." त्यांनी त्यानंतर कधीच म्हटलं नाही, उलट बोहारीण आली की याला मांडीवर घेऊन बसतात. सोडून येऊ, पोलिसाला देऊ, संस्थेत फोन करू, यातलं काहीही घरात कोणाच्याही तोंडून येता कामा नये. तो स्वतः म्हणेल, "मला परत सोडून या." उत्तर एकच ठेवा: "तू इथलाच आहेस. रागावलास तरी इथलाच."

शाळेत जूनमध्येच वर्गशिक्षिकेला भेटून या, "तान्हेपणीचा फोटो आणा" किंवा फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट असेल तर आधी आम्हाला सांगा म्हणावं. आमच्याकडे तान्हेपणीचा फोटोच नाही. अशा वेळी मूल घरी येऊन दप्तर फेकतं आणि आपण दप्तरावरून भांडत बसतो.

स्वतःसाठी जागा

रात्री मूल झोपलं की मोबाइल घेऊन पडायची सवय आहे सगळ्यांना, मलाही आहे. त्यातली पाचच मिनिटं आडवं पडून अंग सैल सोडण्याला द्या, पायाच्या बोटांपासून वर. झोप लागली मध्येच तर लागू द्या. आणि एक साधी वही ठेवा: वेळ, आधी काय झालं होतं, मला अंगात कुठे कळलं, किती वेळ चाललं. दोन-चार ओळी. महिन्याभराने वाचलं की दिसतं, पाहुणे येऊन गेले की होतंय, झोप कमी झाली की होतंय, तुम्ही उपाशी असताना जास्त चिघळतंय. आणि हेही दिसतं की वादळं थांबली नाहीयेत पण तासाची अर्ध्या तासावर आलीत. हे रोजच्या धबडग्यात कधीच लक्षात येत नाही.

लोक इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेबद्दल विचारतात. गोयंका गुरुजींच्या परंपरेतली धम्मगिरीतली शिबिरं १९७६ पासून चालू आहेत, खूप लोकांना फायदा झालाय, माझं काही म्हणणं नाही. पण दहा दिवस मौन, फोन जमा, घराशी संपर्क नाही. नुकत्याच आलेल्या मुलाची आई दहा दिवस गायब झाली तर तुम्ही शांत होऊन परत याल आणि घरी मूल पहिल्या दिवसावर गेलेलं असेल. दोन-चार वर्षांनी बघा.

मनात येणाऱ्या काही गोष्टी कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. मूल आल्यावर आनंदाऐवजी रिकामं वाटणं, त्याच्याबद्दल प्रेमच वाटत नाहीये असं वाटणं, स्वतःचं मूल झालं नाही याचं जुनं दुःख अचानक वर येणं. दत्तकानंतरचं डिप्रेशन हा खरा प्रकार आहे, बाळंतपणानंतर येतं तसंच. अशा भावना आल्या की त्यांनाही तसंच बघायचं, "हां, हे दुःख आलं," पण दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक उडालेली असेल, कामात लक्ष लागत नसेल, किंवा मरणाचे, मुलाला इजा करण्याचे विचार येत असतील तर वही-श्वास बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

मुलाचंही तसंच. माइंडफुलनेस हा तुमच्यासाठी आहे, त्याचा इलाज नाही. आधी बालरोगतज्ज्ञांकडून साधी तपासणी करून घ्या, कान, डोळे, हिमोग्लोबिन, जंत, झोप, कारण संस्थेतून येताना जो मेडिकल रिपोर्ट मिळतो त्यात सगळं असेलच असं नाही आणि ऐकू कमी येणारं मूलही हट्टी वाटतं. मग मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ किंवा ट्रॉमा समजणारे समुपदेशक. पहिल्याच भेटीत विचारा की दत्तक मुलांबरोबर काम केलंय का, नसेल केलं तर दुसरे शोधा, लाजायचं काय त्यात. स्वतःला मारून घेणं, प्राण्यांना इजा करणं, आग, घरातून पळून जाणं, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं यातलं काही असेल तर थांबू नका.

आणि फॉलोअप. कारा म्हणजे देशातली दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या नियमाप्रमाणे मूल घरी आल्यापासून दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेकडून किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून भेट होते. आपण काय करतो, घर चकाचक आवरतो, मुलाला नवे कपडे घालतो, पोहे करतो आणि "सगळं मस्त चाललंय ताई" म्हणतो, कारण भीती असते की खरं सांगितलं तर मूल काढून घेतील. या भेटी मूल आणि घर एकमेकांत रुळतंय का हे बघायला आणि अडचण असेल तर समुपदेशनाची सोय करायलाच असतात, आणि त्या ताईंनी तुमच्यासारखी कितीतरी घरं पाहिलेली असतात. शिवाय मुलाच्या संस्थेतल्या दिवसांबद्दल, तो कोणत्या मावशीजवळ झोपायचा, कशाला घाबरायचा, काय ऐकून झोपायचा, हे संस्थेतल्याच कोणाकडून कळलं तर कळतं, तेही विचारून घ्या. त्या आल्या की वही समोर ठेवा, पोहे नंतर.